ख्रिसमस ट्रीची विल्हेवाट: कंपोस्ट की आच्छादन?

6 जानेवारीला तीन राजांचा सण झाला की दिवे उतरतात आणि झाड अंगणात येऊन पडतं. सुरूची, मोरपंखीची किंवा अराउकारियाची तोडलेली फांदी असेल, तर नागपुरात विचार करण्यासारखे मार्ग दोनच: कंपोस्टच्या ढिगात घालणं, नाहीतर बारीक करून झाडांच्या आळ्यात आच्छादन म्हणून पसरणं. थंडी आहे म्हणून शेकोटीत टाकायचा मोह होतो, पण वाळलेल्या फांद्या भसकन पेटतात आणि धूर शेजारच्या घरात जातो. शिवाय उघड्यावर कचरा जाळायला राष्ट्रीय हरित लवादाने 2016 साली बंदी घातली आहे. प्लास्टिकचं झाड असेल तर पुढच्या वर्षीही तेच काढायचं.

चमकी आणि तारा आधी नीट वेचून काढा. ज्या फांद्यांवर बर्फाचा किंवा रंगाचा फवारा मारला आहे, त्या दोन्हीकडे नकोत.

कंपोस्ट कागदावर छान दिसतं. ढिगात कार्बन-नत्राचं प्रमाण साधारण 25 ते 30 ला 1 हवं, आणि या झाडांच्या सुयांमध्ये, म्हणजे सुईसारख्या पानांमध्ये, कार्बन त्याहून बराच जास्त. म्हणून एक घमेलं तुकड्यांना दोन-तीन घमेली ओला कचरा आणि वर शेणकाला. ढीग किमान तीन फूट लांब-रुंद-उंच, नाहीतर आत ऊब धरत नाही. जानेवारीत हे बरं चालतं.

खरी कटकट फेब्रुवारी सरता सरता सुरू होते. काड्यांमुळे ढिगात पोकळ्या राहतात, त्यातून कोरडी हवा फिरते आणि मधला भाग सुकून जातो. वरून बादली ओतली तरी मेणचट सुया पाणी धरत नाहीत, ते कडेने निथळून जातं. आतला मूठभर माल पिळल्यावर एखाद-दुसरा थेंब निघायला हवा. इथे हाताला भुसा लागतो. ढीग वर-खाली करायला जावं तर फावडं दर वेळी काड्यांत अडकतं. मे महिन्यात चाळणीवर सुया जशाच्या तशा. बाल्कनीतल्या डब्यात तर हा त्रास दुप्पट. ज्यांच्याकडे सावलीतला खड्डा आणि रोज पाहणारं माणूस आहे, त्यांना कदाचित जमेल.

आच्छादनात हाच सावकाश कुजण्याचा दोष कामी येतो. सिकेटरने (छाटणीच्या कात्रीने) बोटाएवढ्या जाडीपर्यंतच्या फांद्यांचे दोन इंचांचे तुकडे करा, त्याहून जाड असेल तर कोयता. पात्याला डिंक चिकटतो, तो खोबरेल तेलाच्या फडक्याने निघतो. आळं भरपूर भिजवून मगच दोन ते तीन इंचांचा थर द्या. कोरड्या मातीवर दिला तर नंतरचं थोडं पाणी थरातच अडतं. मोजमाप नाही, बोटाचा अंदाज सांगतो: भर उन्हाळ्यात उघड्या आळ्याची काळी माती भेगाळलेली असते, तेव्हा थराखाली दुसऱ्या दिवशीही ओल लागते.

जपायचं दोन ठिकाणी. बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी सोडा, संत्र्या-लिंबाला तर नक्कीच, कारण ओला थर खोडाला टेकला की डिंक्याला, म्हणजे खोडातून डिंक गळण्याच्या रोगाला, आमंत्रण. अंगणातल्या संत्र्याला आंबिया बहाराचा ताण दिला असेल, म्हणजे फुलं यावीत म्हणून पाणी बंद ठेवलं असेल, तर तो ताण तोडून पहिलं पाणी दिल्यावरच थर घाला. दुसरी उधळी (वाळवी): भिंतीलगत थर नको आणि जाड ओंडके मुळीच नकोत. सुयांनी माती आंबट होते ही भीती आपल्याकडच्या चुनखडीच्या काळ्या मातीत फारशी धरू नये. तुकडे मातीत मिसळू मात्र नका, मिसळले तर ते कुजताना मातीतलं नत्र ओढून घेतात आणि झाडाला कमी पडतं.

कुंडीतला जिवंत अराउकारिया फेकण्याचं कारणच नाही. पण तो मुळात समुद्री बेटावरचा, नागपूरचं 45 अंशांचं ऊन त्याला मानवत नाही. पूर्वेची सावली किंवा हिरवी जाळी द्या. खालच्या फांद्या एकदा वाळून गळल्या की पुन्हा येत नाहीत आणि शेंडा छाटला तर आकार गेला. जमिनीत लावायचा तर विजेच्या तारांपासून लांब, तो खूप उंच वाढतो.

जून संपता संपता पाऊस लागला की उरलेला अर्धवट कुजलेला थर दाताळ्याने ओढून कंपोस्टच्या ढिगात टाका. तोवर काड्या मऊ पडलेल्या असतात आणि पाण्याची काळजी आभाळ घेतं.