शिलाई सोडून सगळं दिसतं

बेळगावात शहापूरला माझं बाइंडिंगचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. पुतणीनं परवा लॅपटॉप पुढं सरकवला, "काका, ही पोथी बघा की." इस्रायलच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं 'क्तीव' नावाचं संकेतस्थळ होतं. जगभरच्या ग्रंथालयांतली हिब्रू हस्तलिखितं 2017 पासून एका जागी बघायला ठेवलीत, तीही फुकट. साइट हिब्रूत आणि इंग्रजीत आहे. मला हिब्रूचं एक अक्षर येत नाही, पण बाइंडरला पोथी वाचावी लागते कुठं!

पुस्तक उजवीकडून उघडतं. उर्दू शाळेच्या किताबा बांधून बांधून हात सरावलाय, तरी पडद्यावर मी आधी चुकीच्या टोकालाच गेलो.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो 'वर्म्स महझोर'पाशी. 1272 सालची ही सणांच्या प्रार्थनांची चामड्यावरची पोथी, जर्मनीतल्या वर्म्सच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघरात, शतकानुशतकं वापरात होती. त्यातल्या एका मोठ्या शब्दाच्या अक्षरांच्या पोटात बारीक अक्षरात यिद्दिश, म्हणजे युरोपातल्या ज्यूंच्या बोलीतली, ओळ लिहिलीय: हा ग्रंथ जो सिनेगॉगमध्ये वाहून नेईल त्याचा दिवस चांगला जावो. तारीख ठाऊक असलेलं यिद्दिशमधलं हे सगळ्यात जुनं वाक्य, असं पुतणीनं वाचून सांगितलं. गॅझेटचे गठ्ठे खांद्यावर घेऊन जिने चढलेल्या माणसाला हे वाक्य लगेच पटतं.

मोठं करून बघितलं तर आणखी गंमत. हिब्रू अक्षरं आखलेल्या रेघेवर बसत नाहीत, रेघेला लोंबतात, आपली देवनागरी शिरोरेघेला लोंबते तशी. ओळ भरायची राहिली की लिहिणारा काही अक्षरं आडवी ताणतो. आमच्याकडचे जुने पेंटर पाटी लिहिताना हेच करायचे.

एका संग्रहालयात मी अशीच एक जुनी पोथी काचेत बघितली होती. दोन पानं उघडी, बाकी सगळी बंद, आणि उजेड इतका मंद की चष्मा पुसूनच दमलो. जुन्या शाईला उजेड सोसत नाही, ते मान्य. इथं पानन् पान उलटता येतं. पण जुजबंदी, म्हणजे पानांच्या जुड्यांची शिवण, कशी केलीय, दोरा कुठला, पाठ गोल की सपाट, हे पडद्यावर कळत नाही. काही पोथ्यांची चित्रं जुन्या मायक्रोफिल्मवरून घेतलेली, काळी-पांढरी. चामड्याचा रंग त्यात मरतो. म्हणून साइटला पाचात चार गुण.

इथं फक्त हस्तलिखितं आहेत, छापील नाहीत. माझं मन मात्र एका छापील पुस्तकात अडकलंय: 1874 साली पुण्यात बेने इस्रायलींसाठी, म्हणजे आपल्याकडच्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंसाठी, छापलेली हिब्रू-मराठी हग्गादा, म्हणजे वल्हांडण सणाला वाचायची पोथी. तिच्यातल्या चित्रात साड्या नेसलेल्या बायका वल्हांडणाच्या बिनखमिराच्या भाकरी करताना दिसतात. तिची एखादी सुटी झालेली प्रत शिवायला दुकानात आली तर मजुरी घेणार नाही.

आणि हो, फोनवर बघू नका. मोठा पडदा पाहिजे.