गल्ला एक की पावत्या वेगळ्या?

चार-पाच डॉक्टर मिळून पॉलीक्लिनिक काढतात, तेव्हा जागा आणि सोनोग्राफी मशीनवर महिनोन्महिने चर्चा होते. पैशांच्या वाटणीचा विषय एका चहात उरकतो. मी दोन्ही पद्धतींत काम केलंय. आधी सात वर्षं ज्याची त्याची पावती आणि खर्च सामाईक, नंतर भागीदारी करून एकच गल्ला.

पहिली पद्धत सुटसुटीत आहे, हे मान्य. भाडं, पगार, जैववैद्यकीय कचऱ्याचं बिल वाटून घ्यायचं, बाकी ज्याचं त्याचं. पावसाळ्यात रोज साठ मुलं तपासणाऱ्या बालरोगतज्ज्ञाला आपले कष्ट दुसऱ्याच्या खिशात गेल्यासारखं वाटत नाही. बाहेर पडणंही सोपं.

मला नडली ती फेरतपासणी. सात दिवसांत पुन्हा दाखवायला पैसे लागत नव्हते, पण त्याच डॉक्टरांकडे. गुरुवारी माझी सुट्टी. माझी डेंग्यूची एक पेशंट नेमकी गुरुवारी रिपोर्ट घेऊन आली. काउंटरवर सांगितलं, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायचं तर नवी पावती लागेल. ती म्हणाली, "ताप उतरलाय, उद्याच येते मग." डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाचे २४ ते ४८ तासच खरे जपायचे. शुक्रवारी आली तेव्हा बीपी घसरलेलं होतं. लगेच ॲडमिट केलं, वाचली. रिसेप्शनवरच्या ताईंची चूक नव्हती, सहकाऱ्याचीही नव्हती. माझ्या पेशंटकडे त्यांनी बघावं, अशी सोयच आम्ही ठेवली नव्हती. ती सकाळ माझ्या मनातून गेलेली नाही.

एका गल्ल्यात पेशंट क्लिनिकचा असतो. आम्ही निम्मी रक्कम समान वाटतो, निम्मी कामाच्या प्रमाणात. कुरबुरी होतात, तिमाहीच्या बैठकीत आवाजही चढतात. शिवाय १९३२च्या भागीदारी कायद्यात एकाच्या चुकीची भरपाई सगळ्यांवर येऊ शकते. २००८च्या कायद्याखालची एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, केली तर दुसऱ्या भागीदाराच्या चुकीपासून व्यक्तिगत संरक्षण मिळतं, पण व्यावसायिकांना उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा नफा धरून आयकर भरण्याची जी सवलत आहे (१९६१च्या कायद्यातलं ४४एडीए कलम), ती एलएलपीला नाही. सीएंशी आधीच बोला.

दातांचे, डोळ्यांचे, कानाचे असे सगळेच वेगळे असाल, तर स्वतंत्र पावत्यांनी कदाचित भागेल. एकाच विषयाचे दोघं असाल, तर मी आधी एक गल्ला करून बघेन. आणि करारनाम्यात टक्केवारीच्या आधी एक ओळ घाला: सुट्टीच्या दिवशी कुणाचे पेशंट कोण बघणार.