गिटहब, गिटलॅब, कोडबर्ग: ‘आय अ‍ॅग्री’ दाबण्याआधी

इंजिनिअरिंगच्या फायनल इयर प्रोजेक्टसाठी ग्रुपचं मिळून गिटहबवर (कोड ऑनलाइन ठेवण्याच्या साइटवर) एकच अकाउंट उघडायचं आणि पासवर्ड चौघांत वाटायचा, ही पद्धत नागपूरच्या कॉलेजांतही दिसते. गिटहबच्या अटींत ती बसत नाही. एक लॉगिन एकाच माणसानं वापरायचं आणि फुकटचं अकाउंट माणशी एकच. त्याखेरीज ऑटोमेशनसाठी एक मशीन अकाउंट चालतं. त्यामुळे प्रत्येकानं आपलं अकाउंट काढावं, वर एक फुकटची ऑर्गनायझेशन (ग्रुपचं सामायिक खातं) करावी आणि ओनर किमान दोन ठेवावेत. एकुलता एक ओनर नोकरीला पुण्याला गेला आणि फोनसोबत टू-फॅक्टरचे (पासवर्डनंतरच्या दुसऱ्या पडताळणीचे) रिकव्हरी कोडही गेले, की प्रोजेक्टला कुलूप लागतं.

गिटहबची सगळ्यात जाचक अट मात्र वेगळी आहे. कारण देऊन वा न देता, पूर्वसूचनेशिवायही अकाउंट बंद करण्याचा हक्क कंपनीनं स्वतःकडे ठेवला आहे. वाद झालाच तर कायदा आणि कोर्ट कॅलिफोर्नियाचं. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या आपल्या हायकोर्ट खंडपीठाचा तिथे उपयोग नाही. जुलै २०१९ मध्ये अमेरिकी निर्बंधांमुळे इराण, सीरिया, क्रिमिया इथल्या डेव्हलपरांच्या खासगी रेपो (प्रोजेक्टचा कोड आणि त्याचा इतिहास ठेवायच्या जागा) बंद झाल्या होत्या. इराणसाठी परवाना मिळाला तो जानेवारी २०२१ मध्ये. कोडचं खुलं लायसन्स एमआयटी असो वा जीपीएल, ही बंदी त्याला विचारून येत नाही.

कॉपीराइटच्या तक्रारीचंही तसंच. ऑक्टोबर २०२० मध्ये ‘यूट्यूब-डीएल’ हे व्हिडिओ उतरवून घेणारं टूल हटवलं गेलं आणि नोव्हेंबरमध्ये परत आलं, पण त्यामागे मोठा गाजावाजा आणि वकिलांचं पाठबळ होतं. साध्या टीमला काउंटर नोटीस (तक्रार चुकीची असल्याचं लेखी उत्तर) द्यावी लागते. तीत खरं नाव, पत्ता आणि फोन द्यायचा, वर अमेरिकी कोर्टाचा अधिकार मान्य करायचा. मग तक्रारदार कोर्टात गेला नाही तर साधारण १० ते १४ दिवसांनी रेपो उघडते. सबमिशन आठवड्यावर आलं असेल तर हे परवडत नाही.

लायसन्स फाइल न टाकता पब्लिक ठेवलेला कोडही बाकीच्यांना गिटहबवर पाहता आणि फोर्क करता (आपल्या अकाउंटवर प्रत काढता) येतो; तेवढी परवानगी अटींतच दिलेली असते. त्यापुढच्या वापराची परवानगी कोणालाच मिळत नाही, म्हणजे तो कोड ओपन सोर्स ठरतच नाही.

मराठी ओसीआरचं (चित्रातली अक्षरं ओळखण्याचं) मॉडेल किंवा मोठा शब्दसंग्रह टाकणाऱ्यांना गिटहबची १०० एमबीची मर्यादा नडते. त्याहून मोठी फाइल पुशच (अपलोडच) होत नाही. पुढच्या कमिटमध्ये (नोंदवलेल्या बदलात) ती डिलीट करून भागत नाही, कारण इतिहासात ती तशीच राहते. गिट म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं सॉफ्टवेअर; त्याच्या ‘गिट फिल्टर-रेपो’ या टूलनं इतिहास साफ करावा लागतो. मग कमिटचे हॅश (ओळखक्रमांक) बदलतात आणि सगळ्यांना नव्यानं क्लोन (रेपोची प्रत) घ्यावं लागतं.

गिटहबसारख्याच गिटलॅबच्या फुकट प्लॅनमध्ये प्रायव्हेट ग्रुपला ५ जणांची मर्यादा आहे. सोर्सहट या आणखी एका होस्टिंगनं जानेवारी २०२३ पासून क्रिप्टोकरन्सीचे प्रोजेक्ट बंद केले.

कोडबर्ग आम्हाला सगळ्यात प्रामाणिक वाटतं. बर्लिनच्या ना-नफा संस्थेचं हे होस्टिंग फोर्जेओ या सॉफ्टवेअरवर चालतं. इथली अट उलट्या बाजूनं कडक आहे: ओएसआय (ओपन सोर्स इनिशिएटिव्ह) किंवा एफएसएफची (फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची) मान्यता असलेलं लायसन्स हवं. ‘व्यापारी वापर नको’ असं लिहिलेल्या कोडला ती मान्यता मिळत नाही, हे आधीच लक्षात घ्यावं. मराठीच्या टूलसाठी मुख्य रेपो कोडबर्गवर आणि तिचा आरसा (हुबेहूब प्रत) गिटहबवर, ही मांडणी आम्ही सुचवू. लोक शोधायला गिटहबवरच येतात, म्हणून तो आरसा सोडू नये.

हलवायचं असेल तर ‘गिट क्लोन --मिरर’नं पूर्ण प्रत घ्या, एलएफएस (मोठ्या फाइल वेगळ्या ठेवण्याची गिटची सोय) असेल तर ‘गिट एलएफएस फेच --ऑल’ चालवा आणि विकी वेगळी क्लोन करा. ती स्वतंत्र रेपो असते. परत गिटहबवर चढवताना ‘पुश --मिरर’ पुल रिक्वेस्टच्या (बदल सामील करण्याच्या विनंत्यांच्या) लपलेल्या रेफांवर (कमिटकडे बोट दाखवणाऱ्या नावांवर) अडतं. तिथे ‘--ऑल’ आणि ‘--टॅग्ज’ असे दोन वेगळे पुश करा. इश्यू (चुका आणि कामांच्या नोंदी) मात्र गिटमध्ये नसतात. कोडबर्गच्या मायग्रेशन पानावर गिटहबचं टोकन (पासवर्डऐवजी चालणारी किल्ली) दिलं की इश्यू, लेबलं आणि माइलस्टोन ओढून आणता येतात, पण त्यासाठी जुनं अकाउंट चालू लागतं. म्हणून हे काम अकाउंट बंद पडण्याआधी, शक्यतो प्रोजेक्ट सुरू होतो त्याच आठवड्यात करून टाका.