शिसं काढून देणारे: एका लाल पट्ट्याने आम्हाला कसं फसवलं

मुलाच्या रक्तात शिसं सापडलं की आईबाप हवालदिल होतात, आणि त्या हवालदिलपणावर चालणारा एक धंदा आहे. आम्ही त्यात अडकलो. पैसे गेले ते गेलेच, पण ते कसे गेले हे सांगायला हवं, कारण आमच्या हातात पडलेल्या कागदांपैकी एकही खोटा नव्हता.

जुन्या घराची दारं-खिडक्या नव्याने रंगवायला काढली होती. रंगाऱ्याने जुना थर कोरडाच खरवडला, पॉलिश पेपरने घासला. पिठासारखी धूळ आठवडाभर घरात होती आणि त्याच फरशीवर आमची मुलगी रांगत होती. जुन्या तैलरंगांत शिसं असायचं: पिवळ्या-केशरी छटांसाठी रंगद्रव्य म्हणून, आणि रंग लवकर वाळावा म्हणूनही. पुढे तिचं पोट दुखायला लागलं, शौचाला खडा होऊ लागला, चिडचिड वाढली. बालरोगतज्ज्ञांनी औषधाआधी घराची चौकशी केली आणि रक्त तपासायला पाठवलं. शिसं निघालं डेसिलीटरला ११ मायक्रोग्रॅम.

डॉक्टर म्हणाले, औषध नाही. धूळ बंद करा, झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा, जेवणाआधी आणि झोपण्याआधी हात धुवा, लोह आणि कॅल्शियम कमी पडू देऊ नका, कारण ती कमी असली की आतडं शिसं जास्त ओढून घेतं. आणि ठरावीक काळाने रक्त पुन्हा तपासा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात: ५ किंवा त्याहून जास्त आलं की शिसं कुठून येतंय ते शोधून बंद करायचं, मुलांना शिसं बाहेर काढणारं औषध द्यायचं ते ४५ च्या पुढे.

पण ‘औषध नाही’ हे ऐकून झोप लागते का? शिशाची सुरक्षित अशी कुठलीच पातळी माहीत नाही, लहान मुलांच्या मेंदूवर झालेला परिणाम भरून येत नाही, बुद्धी, एकाग्रता, ऐकणं सगळ्याला धोका, हे वाचून झालं होतं. अशा वेळी ‘विषमुक्ती केंद्र’ सापडतं. सापडतं म्हणजे तेच तुम्हाला शोधून काढतं.

तिथल्या बाई फार समजूतदार बोलल्या. “रक्तात दिसतं ते वरवरचं हो. खरं शिसं हाडांत लपलेलं असतं.” आता यात काय खोटं आहे? रक्तातलं शिसं महिन्याभरात निम्म्यावर येतं, हाडांतलं वर्षानुवर्षं राहतं, हे खरंच आहे. पुढचा सापळा याच खऱ्या वाक्यावर उभा होता. मुलीला पाण्यातून एक पूड दिली, काही तासांची लघवी गोळा केली. घरातल्या सगळ्यांनी तपासून घेतलं तर सवलत होती, म्हणून आम्ही दोघांनी आणि सोबत आलेल्या माझ्या भावानेही कॅप्सूल घेतली.

अहवाल रंगीत होता. हिरवा, पिवळा, लाल असा पट्टा आणि चौघांचेही बाण लाल भागात. लगेच सलाइनमधून देण्याच्या ‘कोर्स’ची आगाऊ रक्कम भरून घेतली.

खटकलं ते भावाच्या अहवालामुळे. तो दुसऱ्या गावी राहतो, रंगकाम चाललं असताना घरी फिरकलाही नव्हता. मग याच्यात एवढं शिसं आलं कुठून? तो कागद घेऊन आम्ही आमच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पानाच्या तळाशी बोट ठेवलं. मुंगीएवढ्या अक्षरांत छापलं होतं: संदर्भमर्यादा पूर्वऔषध न घेतलेल्या व्यक्तींच्या नमुन्यांसाठी आहे.

सगळी मेख तिथे होती. थोडंफार शिसं प्रत्येकाच्या अंगात असतं. ती पूड म्हणजे शिसं धरून लघवीवाटे बाहेर काढणारं औषध. ते घेतल्यावर कोणाच्याही लघवीत आकडा चढणारच, आणि तो चढलेला आकडा न घेतलेल्यांच्या मर्यादेशी ताडून दाखवायचा. जिना धावत चढून आलेल्याची नाडी मोजून त्याला हृदयरोगी ठरवण्यातलाच प्रकार. शिशाचं निदान शिरेतून काढलेल्या रक्तावरच होतं. बोट टोचून केलेल्या चाचणीत आकडा वाढलेला आला तर तोही शिरेतल्या रक्ताने पक्का करून घ्यावा लागतो, कारण बोटाला लागलेली धूळसुद्धा आकडा फुगवते. केसांच्या तपासणीवर तर विसंबूच नये.

डॉक्टर खरे चिडले ते पूड मुलीला दिली म्हणून. ही औषधं शिशाबरोबर जस्त-तांब्यासारखी शरीराला हवी असलेली खनिजंही ओढून नेतात. २००५ साली अमेरिकेत एका पाच वर्षांच्या मुलाला अशा उपचारात ईडीटीए हे धातू धरून बाहेर काढणारं औषध चुकीच्या प्रकारचं, शिरेतून दिलं गेलं. रक्तातलं कॅल्शियम एकदम उतरून तो दगावला. बरं, फायदा तरी? रक्तात २० ते ४४ मायक्रोग्रॅम शिसं असलेल्या मुलांवर अमेरिकेत मोठी चाचणी झाली होती. २००१ साली निष्कर्ष आले: औषधाने रक्तातला आकडा उतरला, पण बुद्धीच्या चाचण्यांत काही फरक पडला नाही. आमची मुलगी तर ११ वर होती.

आमच्या कामी आली ती कंटाळवाणी कामं. जिचा रंग उडत होता ती खिडकी चौकटीसकट बदलली. बाकीचं लाकूड पाणी मारून, ओलं ठेवून घासून घेतलं. तेवढे दिवस मुलीला आजीकडे ठेवलं. रंगाऱ्याला त्याचे कामाचे कपडे वेगळे धुवायला सांगितलं, कारण त्याच्याही घरी लेकरं आहेत, आणि मोठ्यांनाही हे शिसं रक्तदाब आणि मूत्रपिंडांच्या रूपाने छळतंच. नवा रंग घेताना डब्यावर शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा लिहिली आहे का ते पाहिलं. मुलीचा आकडा आता ६ आहे. हळूहळू उतरतो, मध्येच अडतो. हाडांतलं थोडं थोडं रक्तात येत राहतं म्हणून.

आगाऊ रक्कम परत मागितली तेव्हा केंद्राने आम्ही सही केलेला अर्ज पाठवला. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं: ‘हा आरोग्यवर्धन कार्यक्रम असून यात कोणत्याही आजाराचं निदान किंवा उपचार केले जात नाहीत.’ तक्रार केली आहे. निकाल लागायचा आहे. तोवर कुणी लघवी तपासण्याआधी काही प्यायला दिलं, तर ते काय आहे ते आधी लिहून मागा. आमच्या भावाने नंतर फोन करून एवढंच विचारलं, तर त्या समजूतदार बाईंनी फोन ठेवून दिला.