जागतिक इतिहासाचा वर्ग, विश्रामबाग, सांगली: अभिप्राय

स्पर्धा परीक्षार्थींसाठी येथील एका अभ्यासिकेने चालवलेल्या या वर्गात लॅटिन अमेरिकेच्या स्वातंत्र्याचे प्रकरण फीचे पैसे वसूल करून देते. नेपोलियनने १८०८ मध्ये स्पेनच्या राजाला पदच्युत केल्यावर वसाहतींनी निष्ठा कोणाशी राखावी हा पेच पडला आणि त्यातूनच ठिकठिकाणी स्थानिक मंडळांनी कारभार हाती घेतला, ही कार्यकारणाची साखळी सरांनी मुळापासून उलगडली. अर्जेंटिनाचा सेनानी सान मार्टिन याने १८१७ मध्ये अँडीज ओलांडून चिलीत नेलेल्या फौजेचा मार्ग त्यांनी फळ्यावर रंगीत खडूने आखला. ९ डिसेंबर १८२४ ची आयाकुचोची लढाई, जिने पेरूतील स्पॅनिश सत्तेचा कणा मोडला, तीही तितक्याच तपशिलाने शिकवली. ब्राझीलमध्ये मात्र पोर्तुगालच्या युवराजानेच १८२२ मध्ये स्वातंत्र्य जाहीर केल्यामुळे १८८९ पर्यंत राजेशाही टिकली, हा फरक (परीक्षेत हमखास गोंधळ उडवणारा) नेमका ठसवला गेला.

तक्रार उत्तरार्धाबद्दल आहे. अंगोला आणि मोझांबिक या आफ्रिकेतील पोर्तुगीज वसाहतींना १९७५ मध्ये मिळालेले स्वातंत्र्य पोर्तुगालची राजधानी लिस्बनमधील १९७४ च्या लष्करी उठावाशी न जोडताच उरकले गेले; १९६१ चा गोवा मुक्तिसंग्राम, जो आपल्याला सर्वांत जवळचा, तो केवळ टिपणात आला, आणि त्या झेरॉक्सवरील नकाशा वाचताही येत नाही.