भुसावळची आंध्रा मेस: गेलो तिखटाच्या पैजेवर, आलो अंबाडी खाऊन

मेसचं नाव काय ते मला अजूनही माहीत नाही, बोर्ड पूर्ण तेलुगूत आहे अन् त्या लिपीत बऱ्याच अक्षरांच्या डोक्यावर टिकमार्क असतो, लांबून बघितलं की वाटतं मास्तरांनी पेपर तपासला अन् सगळं बरोबर निघालं. आम्ही आपलं आंध्रावाल्या काकूंची मेस म्हणतो. काकूंचे मिस्टर रेल्वेतून रिटायर झालेत, मूळचे राजमहेंद्रीकडचे, म्हणजे आपल्या त्र्यंबकेश्वरला उगम पावणारी गोदावरी शेवटी जिथे जाते तिकडचे.

खरं सांगायचं तर मित्राशी पैज लावून गेलो होतो. शेवभाजीची तर्री वाटीनं पिणारी माणसं आपण, नंदुरबारला पथारीवर लालभडक मिरची वाळताना बघत मोठे झालो, गुंटूरवाले काय शिकवतील असा तोरा. आंध्रातल्या गुंटूरचं मार्केट यार्ड मिरचीसाठी आशियात सगळ्यात मोठं म्हणतात. नवजीवन एक्सप्रेस नंदुरबार, जळगाव, भुसावळ करत विजयवाड्याला जाते अन् तिथून गुंटूर जवळच, म्हणजे दोन्ही मिरच्या एकाच गाडीच्या रूटवर.

थाळी 150 रुपये, भात अनलिमिटेड. वाढणारा पोरगा सगळ्यांना "अन्ना, अन्ना" करतो अन् भाताला म्हणतात अन्नम, त्यामुळे मित्राला वाटलं भात पाहिजे का विचारतोय, तो दरवेळी हो म्हणत गेला अन् पोरगा वाढत गेला. आता इथे एक गोष्ट आधीच सांगतो, आपल्यासारखं सगळं एकत्र कालवायचं नाही. पहिल्या गरम भातावर कंदी पोडी, म्हणजे भाजलेली तूरडाळ, लाल मिरची, जिरं, लसणाची कोरडी पूड, अन् वरून तूप. मग पप्पू म्हणजे त्यांचं वरण, मग भाजी, मग चारू म्हणजे चिंचेचं पातळ सार, शेवटी दही. मी तूप न घेता पोडीचा घास मारला अन् असा ठसका लागला की शेजारच्या टेबलवरच्या आजोबांनी पाणी सरकवलं. पैज तिथेच संपली भो.

नंतर डोकं शांत झाल्यावर कळलं की आपलं तिखट खोबरं अन् भाजलेल्या कांद्याच्या पोटात लपलेलं असतं, हळूहळू कानात जातं. यांचं उघडंबोडकं येतं, सोबत चिंच घेऊन. गुत्ती वंकाया म्हणजे भरलेली वांगी चांगली होती पण खान्देशी माणसाला वांग्यावर कोणी इम्प्रेस करू शकत नाही, सोडा. रविवारची बिर्याणी तर घेऊच नका, नुसता रंगीत भात आहे.

पण गोंगुरा. मी आधी नावाला घाबरलो होतो, ताटात एक काळपट हिरवा लगदा, वर तेल सुटलेलं. तोंडात टाकला अन् म्हटलं अरे ही तर अंबाडी! काकूंना विचारलं तर हसल्या, "तीच ना भाऊ, इथल्याच बाजारातून आणते, लाल देठाची, ती जास्त आंबट." आपण अंबाडी शिजवून डाळ-कण्या घालतो, वर लसणाची फोडणी, भाकरीवर आळं करून तेल. त्या पाला तेलातच परततात, तळलेल्या लाल मिरच्या अन् लसूण घालून वाटतात, कण्या नाहीत डाळ नाही, त्यामुळे आंबटपणा सरळ दाढेला लागतो. मी तीन वेळा मागून घेतली, चौथ्यांदा पोरानं वाटीच आणून ठेवली.

दुसरी गोष्ट पूतरेकुलू. ही रोज नसते, तिकडून कोणी आलं तर असते, आत्रेयपुरमची, 2023 ला जीआय टॅग मिळालाय तिला. वहीच्या कागदाहून पातळ तांदळाची पापडी, आत तूप अन् गुळाची पूड, दाताखाली येईपर्यंत विरघळलेली असते. काकूंनी हातवारे करून सांगितलं कशी करतात ते, मडकं उपडं घालून खाली जाळ, तांदळाच्या पातळ पिठात फडकं बुडवून मडक्यावरून एकदा फिरवायचं की पापडी सुटते. मी म्हटलं काकू, आमच्या घरी आई खापरावर मांडे टाकते, तेही उपड्याच मातीच्या भांड्यावर. त्या म्हणाल्या, "मग आईला घेऊन या."

आता तक्रारी. दुपारी एक ते दोन जाऊ नका, अर्धा तास उभं राहावं लागतं अन् नंबर कोणाचा यावरून वाद होतात. पार्सलचा चारू माझ्या डिक्कीत पूर्ण सांडला, आठ दिवस गाडीला चिंचेचा वास, स्वतःचा डबा न्या. हात धुवायच्या बेसिनचा नळ बंद पडलाय, बादलीतून पाणी घ्यायचं. आंब्याचं आवकाया लोणचं 200 ग्रॅमला 120 रुपये, मला महाग वाटलं, पण मोहरीची पूड इतकी झणझणीत की नाक मोकळं होतं. पाडव्याला त्यांचं उगादी असतं, तेव्हा जेवायला गेलात तर कडुनिंबाच्या फुलांची, गूळ-चिंच-कैरीची पच्चडी सगळ्यांना फुकट देतात.

परवा आईला घेऊन गेलो. आईनं पिशवीतून फडक्यात गुंडाळलेल्या कळण्याच्या दोन भाकरी काढल्या अन् गोंगुऱ्यासोबत तिथेच खाल्ल्या, एक काकूंना दिली. बाहेरचे पदार्थ आणू नये अशी पाटी भिंतीवर असेलही, पण ती पण तेलुगूतच असणार.