रबरी ग्लोजच्या आत घालायचे सुती ग्लोज, पूर्ण सीझन वापरून

जळगावच्या एका सेफ्टीच्या दुकानातून हे पांढरे पातळ सुती ग्लोज आणले, जोडी ३०-४० रुपयाला पडते, आणि मला विचाराल तर रबरी ग्लोजपेक्षा हेच जास्त कामाचे.

आमचं काम रावेरकडे केळीच्या पॅकहाऊसला. घडाच्या फण्या काढल्या की चीक गळतो, मग टाकीत धुवायच्या, तिथे तुरटीचं पाणी, मग वजन करून १३ किलोच्या खोक्यात. दिवसभर हात ओले म्हणून सगळ्याच बाया रबरी ग्लोज घालतात, पाणी आत जात नाही हे बरोबर, पण घाम तरी कुठून बाहेर जाणार? एप्रिल-मेमधे इकडे पारा ४४ च्या वर, तासाभरात ग्लोज काढले की बोटं पांढरी फट्ट, सुरकुतलेली, त्यावर साबण लागला की नुसती आग आग, मग साल निघते, भेगा पडतात. त्वचेचे डॉक्टर रोज २ तासांपेक्षा जास्त हात ओले राहणं धोक्याचं धरतात आणि बंद ग्लोजमधला वेळ पण त्यातच मोजतात, हे खूप जणींना माहितच नाही.

सुती ग्लोज तो घाम ओढून घेतात म्हणून कातडी कोरडी राहते. पण एकाच जोडीवर दिवस काढू नका, ओली झाली की बदलायची, त्यामुळे निदान तीन जोड्या पिशवीत पाहिजेत. आणि बाहेरच्या ग्लोजला बारीक जरी भोक पडलं तरी ताबडतोब दोन्ही काढा, कारण ओलं सूत हाताला चिकटून बसलं तर नुसत्या रबरापेक्षा वाईट.

वाईट गोष्टी पण सांगते. बोटांच्या टोकाला शिलाई जाड आहे, स्टिकर लावताना बोटाला अंदाज येत नाही. धुवून धुवून मनगटाचं इलास्टिक सैल पडतं. बाहेरचे ग्लोज एक साईज मोठे घ्यावे लागतात, नाहीतर हात आवळतो.

व्हॅसलिन किंवा खोबरेल तेल चोपडून वरून रबरी ग्लोज घालायची सवय असेल तर ती बंदच करा बायांनो, तेलाने लॅटेक्स, म्हणजे ग्लोजचं नैसर्गिक रबर, कमजोर होतं आणि फाटतं. व्हॅसलिन काम संपल्यावर, हात धुवून नीट पुसून, रात्री झोपताना परत.

एक मात्र आहे, ग्लोज जिथपर्यंत येतो बरोबर तिथपर्यंतच लाली आणि खाज असेल तर ते घामाचं नसून रबराची ॲलर्जी असू शकते, तिथे सुती ग्लोजवर विसंबून राहू नका. त्वचेच्या डॉक्टरकडे जाऊन पॅच टेस्ट (कातडीवर पट्ट्या चिकटवून कशाची ॲलर्जी आहे ते बघतात) करून घ्या. नायट्राईलचे, म्हणजे कृत्रिम रबराचे, घेतले तर लॅटेक्सचा प्रश्न मिटतो पण रबर पक्कं करायची केमिकलं त्यातही बऱ्याचदा असतात, त्यांचीही ॲलर्जी होते. आणि ग्लोज घातल्या घातल्या गांध्या उठल्या, दम लागला तर सरळ दवाखाना गाठा.

ठेकेदार रबरी ग्लोज देतो तसे हे पण त्यानेच द्यायला पाहिजेत, आमच्याकडे सगळ्या बायांनी मिळून मागितले तेव्हा मिळाले.